तेवीस विरुद्ध बावीस

प्रिय डेस,

परवा तुझ्या निरोपाच्या जेवणाला मी पोटाचं निमित्त काढून आलो नाही. निमित्त अगदीच खोटं नव्हतं. तुझं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतंच.

एकतीस वर्षं खासदार, दोनदा मंत्री, आणि आता निवृत्तीचं पेपरात अर्धं पान. त्यातला तुझा फोटो डोरीननं कापून आमच्या फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी दूध काढताना तू माझ्याकडे बघून हसतोस. बायको माझी, फ्रिज माझा, आणि फोटो तुझा! मी आपला शाळेत भूगोल शिकवला आणि दर निवडणुकीला तुझ्यासाठी आपल्या हॅदर्स्टन गावाचे उंबरे झिजवले. तुझी पत्रकं दाराच्या फटीतून आत सारताना मिसेस ऑग्डेनच्या कुत्र्यानं करंगळी धरली, ती अजून वाकडी आहे. विजयाच्या भाषणात तू आभार मानलेस ते ‘डोरीन आणि इतर सर्वांचे’.

आता कधी न बोललेलं सांगतो. गावात आपल्या पक्षाचा उमेदवार पडत नाही, त्यामुळे खरी निवडणूक चर्चच्या हॉलमध्ये उमेदवार ठरवायच्या त्या बैठकीतच झाली. आपण पंचेचाळीस जण, आणि इच्छुक फक्त तू आणि मी. चिठ्ठी हातात आली तेव्हा मला वडील आठवले. स्वतःला मत देणं म्हणजे पाहुण्याआधी आपल्याच ताटात पुडिंग वाढून घेणं, असं ते म्हणायचे. म्हणून मी तुझं नाव लिहिलं. तूही माझंच लिहिशील, याची खात्री होती. निकाल लागला, तेवीस विरुद्ध बावीस. नंतर पबमध्ये तू बिअरचा ग्लास माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालास, “एका मतानं वाचलो रे, विल्फ. नशीब, स्वतःलाच दिलं.” मी हसलो, बरं केलंस म्हणालो. तेव्हापासून जळतोय मी. लाज वाटते, पण जळतोय.

तू गावात परत राहायला आलास, आनंद आहे. पण काल हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आपल्या बोलिंग क्लबच्या फळ्यावर अध्यक्षपदासाठी माझ्या नावाखाली तुझं नाव दिसलं. ते फ्रिजवर फोटो लावणारीनंच घातलं, मला ठाऊक आहे. तू नको म्हणाला नाहीस, हेही ठाऊक आहे. डेस, नऊ वर्षं त्या हिरवळीवर मी स्वतः रोलर ओढतोय. या गावात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. नाव काढून घे, एवढ्यासाठीच हे पत्र. नाही काढलंस तर शुक्रवारी चहानंतर मतदान आहे, आणि या खेपेला मी सगळ्यांदेखत माझंच नाव लिहिणार. वडिलांना काय सांगायचं ते वर गेल्यावर बघू. तू मात्र तुझ्या चिठ्ठीवर माझं नाव लिही. मी एकतीस वर्षं त्याची वाट पाहतोय.

इतर सर्वांतला, पण तुझाच,
विल्फ