सदतीस नंबरचा शिंपला

चौबे कॉलोनी, रायपूर
शनिवार, १२ जुलै २०२५

चि. निरंजन,

आशीर्वाद. मोठा भाऊ आहो म्हणून लिहून राहिलो, आज तो मनातून निघत नाही आहे. माझी तब्येत ठीक. गुडघा जसा होता तसाच. तुझ्या वहिनीनं लिंबाचं लोणचं घातलं, तुमची बरणी पियुषच्या हातून पाठवली, पोचली असेल. तिले मी काहीच सांगितलं नाही, म्हणून बरणी आली.

गुरुवारपासून तू माझा फोन उचलून नाही राहिला. उचलला तरी "हाँ भैया, बाद में" म्हणून ठेवतो. कागद फोनसारखा मधातच ठेवता येत नाही, म्हणून पत्र.

येत्या सोमवारी तू रुचिताले बोलावलं आहे. माफीनाम्यावर सही कर, नाही तर घरी बस. असंच ना? माझा पियुष तुझ्याच शाळेच्या ऑफिसात बसते, तो कागद त्यानंच टाइप केला. "मैंने गुरुपूर्णिमा के कार्यक्रम में असत्य कहा." वा रे वा! चार वर्षं झाली, तुझ्या शाळेतल्या पोट्ट्यांले विज्ञान शिकवून राहिली ती पोरगी, अन् असत्य तिनं सांगितलं?

पहिले दगडाचं बोलतो. शाळेच्या काचेच्या कपाटासाठी तुले काही जुनं पाहिजे होतं. माझ्या घरच्या चाळीस दगडांतून मी सगळ्यात चांगला दिला. त्याच्या मागच्या बाजूले पांढऱ्या रंगाचा ठिपका, अन् ठिपक्यावर काळ्या शाईत ३७. कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं मी हेच केलं. दगड आला की ठिपका, ठिपक्यावर नंबर, अन् नंबरासमोर वहीत लिहाचं: कुठं सापडला, कोणाले सापडला, कोणत्या तारखेले. नंबर गेला तर तो दगड रस्त्यावरच्या गिट्टीच्या भावाचा. देताना हे तुले सांगितलं होतं. तू मान हलवली होती.

गुरुवारी स्टेजवर पाहतो तं ठिपका ब्लेडनं खरवडलेला. वरून तेल, शेंदूर, झेंडूचा हार. खाली पाटी: "जलप्रलय का शंख, मनु की नाव का साक्षी, सात हज़ार वर्ष प्राचीन". अरे, शंख अन् शिंपला यातला फरक तरी कोणाले विचाराचा होता.

अठ्ठावीस कोटी वर्षांचा आहे तो शिंपला. मनेंद्रगडले तेव्हा समुद्र होता, बर्फासारखा थंड. तेव्हा माणूस नव्हता, तं नाव कोण वल्हवणार? अन् मले नास्तिक म्हणू नको. मी रोज आंघोळ करून पूजा करतो, तुझ्याहून जास्त करतो. माझ्या देवाले खोट्या पाटीची गरज कधी पडली नाही. तुले पडली, काहून की ॲडमिशनचे दिवस आहेत अन् व्हिडिओ फिराले पाहिजे. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा धडा गेला तेव्हाही तूच म्हणाला होता, "चला, एक झंझट गेली."

मग रुचिता उभी झाली. तिच्याजवळ माइक नव्हता. म्हणाली, "सर, ये समुद्र की सीपी है, करोड़ों साल पुरानी. मेरे पापा को मिली थी, मनेंद्रगढ़ की लाइन पर." एवढंच बोलली. अन् तू बाजूच्या पाहुण्याले म्हणाला, "इनके यहाँ भगवान को मानते ही कहाँ हैं." माइक चालू होता, निरंजन. सगळ्या सभेनं ऐकलं. तिच्या बापानं, देवीदासनं, आपल्या आईच्या तिरडीले खांदा दिला होता. तेव्हा नाही विचारलं तू, की हा कोणाले मानते. लाज वाटाले पाहिजे तुले. भरसभेत तू त्या पोरीले गप्प बसवलं.

हे असंच मी दोन दिवस स्वतःले सांगून राहिलो. पण तसं झालं नाही.

काल संध्याकाळी रुचिताची माय, अंजनाबाई आली. देवीदास जाऊन चार वर्षं झाली, त्याच्यानंतर पहिल्यांदा आली. पोरीचं काम जाते की राहते, याची चिंता तोंडावर दिसून राहिली होती. चहा घेतला नाही. भांडली असती तं बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "भाऊ, तुमच्या वहीत यांचं नाव आहे नं?"

मी म्हटलं, आहे.

"मग तुम्ही तसं काहून बोलले?"

याचं उत्तर तुले देतो. तू बोलल्यावरही रुचिता उभीच होती. तू हसून माइक माझ्यासमोर धरला, "पत्थर भैया का ही है, बड़े भूगर्भशास्त्री हैं, वही बताएँगे." ती माझ्याकडे पाहून राहिली होती. तिले वाटलं, काका आता सांगतील. अन् मी, खांद्यावर तुझी शाल, हातात तुझा नारळ, म्हणालो, "बेटी अभी छोटी है. विज्ञान सब कुछ नहीं जानता." टाळ्या पडल्या. तेव्हा बसली ती. तुझ्यानं नाही, माझ्यानं बसली.

काहून बोललो? तू भूगर्भशास्त्री म्हणाला म्हणून. बत्तीस वर्षं मी "ए शामराव, पाणी आण" ऐकलं. म्हाताऱ्या वयात कोणी मोठं नाव दिलं अन् मी लगेच त्या नावात जाऊन बसलो. चपराशी होतो मी. काचा पुसल्या, नंबर टाकले, एक नंबर कधी चुकला नाही. त्या कामाची मले कधी लाज नव्हती. गुरुवारपासून मात्र आरशात पाहून दाढी करवत नाही.

सोमवारी सकाळी मी येऊन राहिलो. तुझ्या ऑफिसात नाही, प्रार्थनेच्या वेळी, मैदानात. वही घेऊन. पोट्ट्यांसमोर सदतीसची ओळ वाचीन, अन् गुरुवारी मी खोटं बोललो, हे सांगीन. माइक बंद केला तरी चालते, माझा आवाज अजून शाबूत आहे. माफीनामाच लागते नं तुले? या पत्रासोबत आहे. सही माझी. पियुष म्हणते, "पापा, छोड़ो ना, मेरी नौकरी भी वहीं है." त्याले म्हटलं, मले माहीत आहे.

शाल घडी करून या पत्रासोबतच्या पिशवीत ठेवली, नारळही. दगडावरचा शेंदूर तू पुसू नको, शिंपल्याच्या रेघा खराब करशील. मी पुसीन. ठिपकाही मीच देईन. तुझ्या बायकोले, क्षमाले, आशीर्वाद, तिचा यात काही दोष नाही.

वहीतली ओळ उतरवून देतो. ती पाटी काढ अन् ही लाव.

३७. शिंपला. मनेंद्रगड, हसदेव नदीजवळची रेल्वे लाइन. ९ फेब्रुवारी १९९८. सापडला: देवीदास, गँगमन. नोंद करणार:

तुझा मोठा भाऊ
शामराव, लॅब अटेंडंट