भिकाबाईच्या नावावरचा हरताळ

हिंगोली,
४ फेब्रुवारी २००१

प्रिय रतनदादा,

दीक्षाचा जय भीम. मी मजेत. वहिनीचा खोकला थांबला का? ऐश्वर्याला पापा.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच पोचलं, उत्तर आता देऊन राहिले. ‘उत्तमराव म्हणतेत तसं लिहून टाक, दोनशे वर्षांमागं मेलेल्या बाईपायी जित्या भावाचं वाटोळं करू नको,’ असं तू लिहिलंस. तुझं खोटं न्हाई. शाळा त्यांची, तुझी शिपाई म्हणून कायम व्हायची ऑर्डर त्यांच्या हातात, अन् पोथीबी त्यांच्याच घरची. आमच्या मंडळाच्या जुन्या पोथ्यांच्या यादीत त्यांना ‘चित्रे आमच्या मूळपुरुषाने काढली’ असं छापून पाहिजे.

पण दादा, ती पोथी तू बघायला पाहिजे. कडेनं हिंगुळाची तांबडी वेल, मधी पाणी आणणाऱ्या गवळणी. दागिने समदेच काढतेत. ही चित्रं काढणाऱ्या बाईनं घागरीखाली चुंबळ काढलीय, अन् एकीची चुंबळ सरकली म्हणून तिनं मान वाकडी केलीय! ज्याच्या डोक्यावर कधी घागर न्हाई त्याला हे सुचंल व्हय? मूळपुरुष काय पाणी भरत होते?

शेवटच्या पानावर पिवळी पट्टी आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की वरून हरताळाचा पिवळा रंग फासायचे. आपण म्हणतो ना, केल्या कामावर हरताळ फासला, तो हाच. ते पान मी उन्हात धरलं तर मागून काळी अक्षरं दिसली : ‘चित्रें भिकाबाईनें लिहिलीं.’ तवा चित्र काढण्याला लिहिणंच म्हणायचे. पुढं जात. आपली, धम्म घेण्याआधीची. एक अक्षर चुकलेलं न्हाई त्यात. मग काहून फासला?

उत्तमराव म्हणले, “रंग कुटत असंल ती. पोथीला हात कोण लावू देतंय?” आमच्या मंडळाच्या सरांनी पोथी मिटून फडक्यात बांधली.

आता खरं सांगते, लई टाळलं. दिवाळीनंतर मी सही केली. ‘चित्रकार : मूळपुरुष.’ माझ्या हातानं, तुझ्यासाठी. घरी आले, भाकर तशीच झाकून ठेवली. आधीच्यानं निदान हरताळ वापरला होता, मी साध्या बॉलपेननं फासला. लाज वाटली रे. अजूनबी वाटते.

गेल्या सोमवारी छापखान्यात जाऊन मी ती ओळ खोडली अन् तिचं नाव लिहिलं, जसंच्या तसं. सरांना सांगूनच गेले. “तुझं काम जाईल,” म्हणले. म्हणलं, जाऊ द्या. काल यादी छापून झाली.

तुझी ऑर्डर अडकली तर माझ्यामुळं. तुझी माफी मागते. पस्तावा मात्र न्हाई, अन् कुणी करायला लावला तरी करणार न्हाई. वहिनी शिव्या देईल, देऊ दे, तिचा हक्क आहे.

शाळेत एक प्रत येईल. गठ्ठा तूच सोडशील. पान एकशे बारा. उत्तमराव समोर बसलेले असले तरी मोठ्यानं वाच, दादा. दोनशे वर्षांत ते नाव कुणी तोंडानं घेतलेलं न्हाई.

माझ्याशी बोलू नको वाटलं तर नको बोलू. तेवढं वाच.

तुझीच,
दीक्षा