टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक आणि मध्ये मी

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकले आहे तोवरच स्वीकारा, कंबर धरली आहे, पुन्हा वाकणं व्हायचं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेता ना? इथे सगळे बरे आहेत, म्हणजे दोघं बरे आहेत आणि तिसरी हे पत्र लिहिते आहे.

महिनाभर फोन का नाही, असं तुम्ही विचारलंत. वन्सं, मला बोलण्याचाच कंटाळा आला होता. तीन आठवडे या घरात बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांचं मिळून जे काय बोलणं असेल ते सगळं माझ्या तोंडून चाललं होतं. ‘बाबांना सांग, त्यांची चेन सैल आहे.’ ‘तिला सांग, माझ्या चेनची काळजी तिने करू नये.’ आणि तेही आम्ही तिघं एकाच टेबलाशी बसलेलो असताना! मी मध्ये बसते, त्यामुळे दोन्हीकडचं सगळ्यांना ऐकू येतंच, तरी मी पुन्हा सांगितल्याशिवाय ते पोचलं असं धरत नाहीत.

भांडण इंजिनावरून. तुमच्या भावाची मोटोक्रॉसची, खाचखळग्यांतून उड्या मारत पळवायची मोटरसायकल टू-स्ट्रोक, हे तुम्हाला काय सांगायचं? (तुम्ही तिच्यावर ओली चादर वाळत घातलीत म्हणून हे दोन दिवस जेवले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या.) मुलीने यंदा फोर-स्ट्रोक घेतली. ती घेतली याचं यांना दुःख नाही, असं हे म्हणतात. आपल्याच गॅरेजात राबून, आपल्याच हाताखाली शिकून घेतली, हे लागलं.

फरक मला विचाराल, तर मी बावीस वर्षांच्या धुण्यावरून सांगते. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, ते धुराबरोबर बाहेर येतं, आणि यांच्या सदऱ्याच्या पाठीवर बारीक काळे ठिपके बसतात. ते जात नाहीत. फोर-स्ट्रोकवाल्या मुलीचे कपडे नुसते चिखलाचे, एका पाण्यात निघतात. उलट, टू-स्ट्रोक बिघडली की हे एका दुपारी पिस्टन बदलून मोकळे होतात. मुलीचं इंजिन उघडलं, तेव्हा वॉल्व्हखाली बसणाऱ्या नखाएवढ्या चकत्या आठ दिवस माझ्या शिवणाच्या डब्यात ओळीने मांडलेल्या होत्या आणि मला साधं बटण लावायची चोरी होती. यांची गाडी हलकी, पण जोर एकदम येतो, नाहीतर येतच नाही. तिची जड, पण खालपासून सारखी ओढते. एवढं सगळं मला कळतं, आणि मला यातलं काहीही कळून घ्यायचं नव्हतं.

पण गेल्या आठवड्यात मुलीच्या खोलीत झाडताना पलंगाखाली भरलेली बॅग दिसली. वर दुसऱ्या गावच्या एका गॅरेजचं पत्र. पुढच्या महिन्यापासून कामाला या, असं लिहिलेलं. मी झाडू तसाच भिंतीला टेकवला आणि दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, आता मी कुणाचा निरोप सांगणार नाही. काय तो निकाल लावा.

यांनी लगेच अट घातली (ती माझ्याकडे बघून): रविवारी खाणीतल्या ट्रॅकवर पाच फेऱ्या. जो हरेल त्याने आपली गाडी विकायची. मुलीने (तीही माझ्याकडे बघून) कबूल केलं. दोघं एकदम धावू नयेत, हे मात्र मी ठरवलं. एक पडला तर दुसरा अंगावरून जाईल, आणि त्याबद्दलची बोलणी पुन्हा मलाच करावी लागतील. म्हणून आधी ती, मग हे, आणि स्टॉपवॉच माझ्या हातात.

रविवारी पाचला उठून सगळ्यांचे डबे भरले, पाणी भरलं, मलमपट्टीची पेटी घेतली. ट्रॅक म्हणजे खडीची सोडून दिलेली खाण, बाजूला एक पत्र्याची शेड. माझी घडीची खुर्ची उतारावर मांडली, डोक्यावर टोपी, डोळ्यांना काळा चष्मा. हे शेडच्या मागे पेट्रोलात तेल मिसळत बसले, कारण तिची गाडी पळताना आपण बघणार नाही, असं यांनी जाहीर केलं होतं. मुलगी धावली. मग हे धावले. टू-स्ट्रोकची ती किंचाळी! माझे दात अजून शिवशिवताहेत. शेवटच्या उडीवर हे जवळजवळ पडलेच होते, पण सावरले.

मग दोघं माझ्यासमोर उभे राहिले. धुळीने माखलेले, आणि वन्सं, अगदी एकसारखे दिसत होते. तेच नाक, तोच ओठ दाबून धरायचा हट्ट. मी सांगितलं, ‘तिला आठ मिनिटं एकेचाळीस सेकंद. तुम्हाला आठ मिनिटं एकेचाळीस सेकंद.’

मग हे तिला म्हणाले, थेट तिला, ‘डाव्या वळणावर वेळ घालवतेस तू.’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही उडीवर.’ तिथून जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. बॅग रिकामी झाली, त्या गॅरेजला नकार गेला. काल हे तिच्या गाडीचे वॉल्व्ह बघत होते, आणि ती यांना बोलू देत होती. मी गॅलरीत बसून एकटीने चहा प्यायले.

तुमची,
भावजय

ता. क. तुमच्यापासून लपवत नाही. मुलगी सुरू झाली, मी घड्याळ दाबलं, आणि त्या फोर-स्ट्रोकच्या संथ घरघरीने मला जी झोप लागली, ती इंजिन बंद झाल्यावरच उघडली. घड्याळात साडेबारा मिनिटं! आता कुणाला काय सांगणार? यांचा वेळ खरा होता, तोच तिलाही देऊन टाकला. आता दोघांनी येत्या रविवारी पुन्हा शर्यत ठरवली आहे, दहा फेऱ्यांची. तेव्हा शनिवारी फोन करून, गुडघा फार दुखतोय, असं सांगून मला बोलावून घ्या. मी तुमच्याकडे येऊन काहीही मागणार नाही. मागची खोली द्या आणि उठवू नका.

ता. ता. क. पाकीट बंद करताना मुलीने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, दुसऱ्या फेरीलाच तिने मला मान टाकून झोपलेली पाहिलं होतं. गाडी थांबली की मी जागी होईन, आणि उठवायचं जिवावर आलं, म्हणून पाचाच्या सात फेऱ्या मारल्या. बाबांना कळू द्यायचं नाही, असं म्हणते. आणि आत्याला सांग, शनिवारी नको, शुक्रवारीच फोन कर म्हणावं, म्हणजे आईला एक दिवस जास्त मिळेल.