दादांचं ऑपरेशन मी केलं नाही

मंगळवार, नगर

दादा, माझे वडील, शुद्धीवर आले. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर अजून वाकडंच येतंय.

सकाळी त्यांना पारनेरहून आणलं तेव्हा आतड्याला पीळ पडला होता. दादा हटून बसले, “कापायचंच असंल तर माझ्या लेकीनं कापायचं. मिल्ट्रीत मोठी डाक्टर हाय ती.” मी हो म्हणाले. ब्रिगेडियर होईपर्यंत कुठे कुठे ऑपरेशनं केली, बर्फातल्या छावणीत टॉर्चच्या उजेडातसुद्धा. हात कधी हलला नाही. आज दादांना भूल दिल्यावर हात धुवायला गेले, तर बोटं थरथरायला लागली. मुठी आवळल्या तरी थांबेनात. शेवटी इथल्या सर्जनला म्हटलं, “तुम्हीच करा,” आणि बाहेर येऊन बसले. फसवलं का मी दादांना?

डोळे उघडताच त्यांनी विचारलं, “तूच केलंस ना?”

खोटं बोलवेना. “नाही दादा. माझे हात कापत होते.”

दादा म्हणाले, “बरं झालं. हट्ट केला, पन मग तुझीच काळजी लागली हुती. मला काय झालं असतं, तर तू पुन्हा चाकू धरला नसता.”

आता झोपलेत. घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येतंय. ते ऐकत इथेच बसावंसं वाटतंय.