बेतवाकाठच्या गलमिशा

उस्ताद, तुम्ही गेलात त्याला जमाना झाला आणि मी मेला आज लिहायला बसलोय, तेही मराठीत. तुम्ही म्हणाला असतात, "अबे, ये क्या गिचपिच है!" दम्मामच्या कॅम्पात वेल्डिंग मला तुम्ही शिकवलंत ते हिंदीत, शिव्या घातल्यात त्या बुंदेलीत. आणि काहीही झालं की तुमचं ते बेतवाकाठचं गाव मध्ये यायचंच. माझा जोड वाकडा गेला की, "हमारे यहाँ कुम्हार का गधा भी इससे सीधा चलता है!" डोंगरावरची गढी, गावाबाहेरचे पानमळे, चौकातली जिलबी... न बघताच मला तुमच्या गावाचे रस्ते पाठ झाले होते. खरं सांगतो, कंटाळा यायचा.

मग आखातातली ती लढाई लागली. कंपनीने सगळ्यांना गॅसचे मास्क वाटले आणि सुपरवायझर तुमच्यापाशी येऊन अडला. तुमच्या त्या कानापर्यंत गेलेल्या गलमिशा, त्यांच्यावर मास्क घट्ट बसेना. तो म्हणाला, "शेव्ह करो, खलास." तुम्ही मास्क त्याच्या हातात परत ठेवलात. "बाप जिंदा है हमारा." तुमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशा उतरवतो, त्याआधी वस्तरा लावायचा म्हणजे बापाचं मरण ओढवून घ्यायचं. आम्ही कोकणातली पोरं खो खो हसलो. पण भोंगा वाजला, आम्ही मास्क चढवून भिंतीला टेकलो आणि तुम्ही ओला गमछा नाकाला लावून बसलात, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी माझा मास्क काढून फेकला.

"पहन, गधे!"

"पहले आप काटो."

तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. तरी मी घातला नाही. भोंगा थांबेपर्यंत दोघेही तसेच बसून राहिलो.

सकाळी तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आलात ते तोंडाला गमछा गुंडाळूनच. त्यानंतर भोंगा वाजला की कोपऱ्यात पाठ फिरवून मास्क चढवायचात, जेवायचात तेही भिंतीकडे तोंड करून. तुमच्या गावात फोन एकच, पोस्टातला, आणि तो काही लागत नव्हता. काम सुटलं की तुम्ही रोज फोनच्या रांगेत. "मार डाला मैंने उनको," एकदा एवढंच बोललात. बाप रे, किती घाबरलो होतो मी! माझ्या बापाची केली नसेल एवढी काळजी तुमच्या बापाची केली. लढाई संपल्यावर एकदाचा फोन लागला. पलीकडून म्हातारा खेकसतोय, "जिंदा है ना तू? फिर चिल्ला क्यों रहा है?" आणि तुम्ही त्या बूथमध्ये पोरासारखे हमसून रडताय. गमछा मात्र मिशा पुरत्या वाढेपर्यंत सुटला नाही.

काही वर्षांनी सुट्टीवर गेलात आणि काविळीने गावीच गेलात. पुढच्या सुट्टीत मी तुमच्या गावी आलो होतो. वाट कुणाला विचारावी लागली नाही. गढी होती, पानमळे होते. जिलबी काही तुम्ही सांगायचात तेवढी खास नव्हती, रागावू नका. ओट्यावर तुमचे वडील बसले होते, ओठावर एक केस नाही. शेजारी हळूच म्हणाला, "बेटे के लिए बाप नहीं उतारता. पर ये माने ही नहीं."

मी त्यांना मास्कची सगळी हकीकत सांगितली. "पगला," ते म्हणाले. "मैं ऐसे मरता क्या?" मग विचारलं, "बिना मूँछ के कैसा दिखता था?"

"बिल्कुल आपके जैसा," मी म्हणालो. म्हाताऱ्याने स्वतःच्या ओठावरून सावकाश बोट फिरवलं आणि हसला.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? ठेवून देतो. पण तुम्हाला सांगायलाच हवं, उस्ताद. तुमचा तो चेहरा मी पाहिलाच नव्हता. तुम्ही एकदाही गमछा खाली घेतला नाहीत.