मीठ पांढरंच होतं

प्रिय पेंटर,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुकानाचा विषय निघाला रे निघाला की "मिस्त्री, ठेवतो हां" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. म्हणून कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, फळीवर मापं टाकायच्या जाड पेन्सिलीने, तेव्हा वाचून दाखवायला लेकीला बोलावू नकोस. यात एक-दोन ठिकाणी तुला शिव्या आहेत, तिच्यासमोर बऱ्या दिसायच्या नाहीत.

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि नेहमीसारखीच माझ्यावर वैतागलेली आहे, कारण मी पुन्हा दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलोय. आपल्या सहलीचे फोटो पहिल्यापासून नव्याने करायला घेतलेत. हो, सगळेच. का ते सांगतो, पण माझ्या चालीने सांगू दे.

सहल आठवते ना? कारखाना पोराच्या हवाली केला, कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला आणि आपण तिघं बसमध्ये जाऊन बसलो. जिथे उतरू तिथे मी लोकांची दारं-खिडक्या टिपत सुटायचो. जन्मभर चौकटी केल्या, नजर दुसरीकडे जाणार कुठे! तू म्हणायचास, "परक्या गावात दारं न्याहाळत फिरतोस, एक दिवस चोर म्हणून धरतील, आणि मी ओळख दाखवणार नाही." खिंडीतलं बर्फ पाहिलं, चुन्याने रंगवलेल्या घरांचं ते गाव पाहिलं, पण मनात बसलं ते मिठाचं मैदान. बस थांबली आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत मीठच मीठ. तू उकिडवा बसलास, चिमूटभर तळहातावर घेतलंस, डोळ्यांजवळ नेलंस आणि निकाल दिलास, "पिवळट आहे. मिठातसुद्धा भेसळ करतात लेकाचे." मीही वाकून पाहिलं. मलाही ते चहा सांडून धुतलेल्या चादरीसारखं वाटलं. तुझी वहिनी मात्र कपाळावर आडवा हात धरून उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, म्हणते कशी, "अहो, तुम्ही दोघं उघड्या डोळ्यांनी बघता तरी कसे? मला पापणी उचलवत नाही." आपण तिलाच हसलो.

परत आल्यावर मला एडिटिंगचं वेड लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, बिघडलं की मागे यायचं. पेंटर, ते मागे यायचं बटण! पहिले काही दिवस मी त्याच्यासमोर हात जोडायचाच काय तो बाकी होतो. आपल्या धंद्यात अशी सोय नाही. करवत एकदा चालली की चालली. इथे वाटेल तेवढं कापा, रंगवा, पुसा, आणि एका बोटाने पुन्हा कोरी फळी. कललेलं घंटाघर मी ओळंबा न लावता सरळ केलं. एका सुरेख दारापुढे विजेचा खांब आला होता, तो उपटला आणि मागची भिंत अशी भरली की सांधा शोधून सापडू नये. मग एक पट्टी सापडली, डावीकडे सरकवली की चित्र निळं होतं, उजवीकडे सरकवली की पिवळं. मिठाचा फोटो उघडला, तर तो तसाच मळकट. म्हटलं, मीठ म्हणजे पांढरंच पाहिजे. पट्टी डावीकडे नेत गेलो, नेत गेलो, आणि एका जागी आल्यावर मीठ असं लखलखलं की मी खुर्चीवरून उठलो. त्याच मापाने मग बर्फ केलं, चुन्याची घरं केली, तुझ्या वहिनीचे पांढरे केससुद्धा केले.

घरच्यांनी जी थट्टा मांडली ती तुला ठाऊकच आहे. पोरगा म्हणाला, "बाबा, हे काय फ्रीजमध्ये बसून काढलेत?" सूनबाई भिडस्त, ती म्हणाली, "छान आहेत, फक्त बघताना शाल घ्यावीशी वाटते." आणि तुझी वहिनी, "माझं तोंड असं का केलंत? मला काय साप चावलाय?" फोटो छापून देणाऱ्यानेही फोन केला, "काका, माझी निळी शाई संपत आली. असंच हवंय ना नक्की?" मी म्हटलं, यांना काय कळतंय. तो मिठाचा मोठा फोटो काखेत मारला आणि थेट तुझ्या दुकानात आलो. तू हातातला ब्रश ठेवलास, फोटो दारात उजेडाला धरलास, लांबून पाहिलास, जवळून पाहिलास आणि म्हणालास, "वा! हे मीठ. हा खरा पांढरा, मिस्त्री. असा पांढरा आता डब्यात येत नाही." तिथल्या तिथे खिळा मारून तू तो भिंतीवर टांगलास. मी घरी आलो ते हातभर उंच होऊन. अख्ख्या बाजारात रंगाची नजर तुझ्यासारखी कुणाची नाही हे सगळे मानतात. तू हो म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप!

त्याच सुमारास तुझं रंगवाल्याशी वाजायला लागलं होतं. डबे बदललेस, कंपन्या बदलल्यास, पांढरा म्हणून जो फोडावा तो तुला साय धरलेल्या दुधासारखा दिसायचा. मग तू त्यात निळ्याचे थेंब घालायला लागलास. औषधवाल्याची पाटी तशीच केलीस, आणि तो बिचारा भीत भीत म्हणाला की अक्षरं जरा निळसर वाटतात, मला पांढरी हवी होती. त्या दिवशी तू शटर ओढलंस. ज्या काळात पांढरा पांढरा मिळत नाही त्या काळात पाट्या रंगवू नयेत, असं भाषण मला ऐकवलंस आणि लेकीकडे राहायला गेलास. मीही तुझ्या बाजूने त्या औषधवाल्याला बोल लावले. फळी माझी होती ना रे त्या पाटीची.

आता बातमी सांगतो, नीट बसून वाच. मी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू पहिल्या गाडीने येऊन मला खाटेवरून ओढून नेलं असतंस. डोळ्याला सुरी लावू देणारा माणूस वेडा, हे तुझं पालुपद मला पाठ आहे. मीही टाळतच होतो. पण लाकडाच्या कडेवरची रेघ दिसेना झाली तेव्हा पोराने धरून नेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टर माझ्या डोळ्यात बघत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे. साधी भिंत रे, दवाखान्याची! तिच्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाच्या कडेला जांभळट सावली होती. सावलीला रंग असतो हे तू मला तरुणपणी शंभरदा सांगितलं होतंस, मी मान डोलवायचो. त्या दिवशी दिसला. मी नवा डोळा मिटून जुन्याने पाहिलं, तर तीच भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी. पुन्हा नव्याने पाहिलं, पांढरी. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, डोळे का मिचकावताय?" काय सांगू त्यांना? एका नाकाच्या दोन बाजूंना दोन जगं होती. आपल्या डोळ्यात एक भिंग असतं, ते वयाबरोबर पिवळं होत जातं, ते म्हणाले, पण इतकं हळूहळू की ज्याचं त्याला कळत नाही. वर्षानुवर्षं काचेवर वार्निशचे हात चढत राहावेत आणि आत बसलेल्याला वाटावं की बाहेर संध्याकाळ झालीय, तसं काहीतरी.

घरी आलो तर पायातला एक मोजा काळा आणि एक गडद निळा. तुझी वहिनी म्हणते, कितीतरी दिवस असेच घालताय, मला वाटलं तुमची काहीतरी नवी आवड असेल! हसत हसतच कॉम्प्युटर लावला आणि मिठाचा फोटो उघडला. पेंटर, कुणीतरी नीळ भिजवलेली बादली त्या मैदानावर उपडी केली होती. बर्फ निळं, घरं निळी, आणि तुझी वहिनी, खरंच साप चावलेली. मी एवढा हसलो की ती आतून धावत आली.

मग मूळ फोटो उघडला. ज्याला मी हात लावला नव्हता तो. यापुढचं कसं लिहू कळत नाही. मीठ पांढरं होतं. नुसतं पांढरं नव्हतं, पायाशी त्यात गुलाबी झाक होती, ओल्या जागी आभाळ उतरलं होतं, लांब कुठेतरी मीठ संपत होतं आणि आभाळ सुरू होत होतं आणि मध्ये रेघच नव्हती. त्या सगळ्यात तू उकिडवा बसलेला, तळहात डोळ्यांशी नेलेला. एवढा थोर उजेड चहूबाजूंनी आपल्यावर कोसळत होता, आपण त्याच्या मधोमध उभे होतो, आणि भेसळ शोधत होतो. त्या वापरलेल्या कॅमेऱ्याने मात्र मुकाट्याने सगळं जपून ठेवलं. मी किती वेळ बघत बसलो ते वहिनीला विचार. तिने दोनदा चहा गरम केला.

आणि बघता बघता मला तू आठवलास, दुकानाच्या दारात माझा निळा फोटो उजेडाला धरलेला. सगळ्या जगात तो फोटो आवडलेला माणूस एकच, आणि तो तू. माझं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून, काळा चष्मा लावून बाजारात गेलो आणि तुझ्या पाट्या बघत फिरलो. चांभाराची, घड्याळवाल्याची, शाळेची. जुन्या पाट्या अजून अशा झळकतात की आत्ताच वाळल्यात. मग औषधवाल्याची. तो खरं बोलत होता रे. निळसर आहे. पण मी तिच्याखाली मान वर करून उभा राहिलो आणि तुझी अक्षरं पाहिली. पहिल्या अक्षराची वेलांटी जशी वळून सुटते, तो काना जिथे पातळ होतो, अक्षरांमागे रंगवलेल्या सावलीची कड, कुठे एक केस इकडचा तिकडे नाही. गाढवा, तुझा हात तसाच आहे! जे बिघडलंय ते डब्यात नाही आणि तुझ्या हातातही नाही. औषधवाला बाहेर आला, मला वाटलं पाटीबद्दल कुरकुरेल, तर म्हणतो, "मिस्त्री, पेंटर परत कधी येतायत? मागच्या बाजूलाही एक करायचीय, दुसऱ्या कुणाच्या हाताची नको."

तुझ्या लेकीचा फोन आला होता, म्हणून हे सगळं आजच लिहितोय. म्हणाली, बाबांनी ब्रश वाटून टाकायला काढलेत आणि महिनाअखेरीस दुकान सोडतायत. पेंटर, थांब. मी डॉक्टर नाही, तुझ्या डोळ्यात काय आहे ते मला इथून दिसत नाही, पण एकदा येऊन दाखव. माझा डावा डोळा अजून तसाच ठेवलाय. डॉक्टरांना सांगितलंय, मित्र येतोय, तपासा, आणि त्याचंही हेच निघालं तर दोघांना एकाच सकाळी घ्या. आधी मी जाईन, मग तू. तुला भीती वाटते हे मला ठाऊक आहे, आणि तू ती रंगवाल्यावर काढतोस हेही. मलाही वाटली होती. पण आत काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुखत नाही, सुरी दिसतही नाही. वर एक दिवा असतो, आणि डोळ्यातलं ते जुनं भिंग फुटायला लागलं की तो दिवा विरघळतो. रंग वाहायला लागतात, रे. लाल येतो, त्यातून हिरवा फुटतो, कडेने सोनेरी पाझरतो, सगळं हलत राहतं आणि आवाज कसला नाही. मी भीती विसरून लहान पोरासारखा बघत राहिलो. शेवटी शेवटी एक रंग आला, निळा म्हणावा तर निळा नाही, जांभळ्याच्या अलीकडचा, आतून पेटलेला. सुताराला त्याचं नाव कुठून येणार? ये, आणि बघून मला सांग तो कुठला.

तुझाच,
अजून एका डोळ्याने तुझ्यासारखंच बघणारा,
मिस्त्री