पाजायला दुसरं माणूस लागतं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आलाय. तुम्ही शिकवलेलं नेमकं नको तिथे आठवलं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मी कार्डिफच्या हॉस्पिटलात काय करते हे तुम्हाला कधी नीट कळलंच नाही. "स्पीच थेरपी म्हणजे बोबड्या पोरांना बोलायला शिकवतेस ना?" असं फोनवर विचारायचात. पोरं कसली, बाई! स्ट्रोक आलेल्या म्हाताऱ्या माणसांना गिळता येतंय का, ते मी बघते. चमच्याने पाणी द्यायचं, गळ्यावर बोटं ठेवायची, ठसका लागतो का ते ऐकायचं. पाणी फुप्फुसात जातंय असं वाटलं तर पलंगावर पाटी लावायची, तोंडाने काहीही द्यायचं नाही. मग सगळं नळीतून. भाषाशास्त्रात एम.ए. केलं आणि दिवसभर लोकांचे घसे चाचपते. हसा आता.

या आठवड्यात वॉर्डात एक पोलिश आजोबा होते. सगळं आयुष्य वेल्समध्ये गेलेलं, बायको इथलीच, त्यामुळे घरात इंग्रजीच. स्ट्रोकने ती इंग्रजी पार पुसून टाकली आणि उरली लहानपणची पोलिश. मुलगी माझ्याहून मोठी, पण तिला पोलिशचा गंधही नाही. पाटी मीच लावली होती. दुपारी त्यांचे ओठ ओले करायला मऊ ब्रश घेऊन गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "दाय पिच." पुन्हा तेच, "दाय पिच." मुलगी रडकुंडीला आली होती. कालपासून हेच चाललंय, काय हवंय कोण जाणे, म्हणाली.

आणि मला कळलं ना, बाई! एकदम तुमचं स्वयंपाकघर समोर आलं. तुम्ही ओट्याशी पोहे भिजवताय, मी उन्हातून सायकल हाणत आलेय आणि दारातच वही उघडून उभी आहे. वाणसामान लिहायच्या पाटीवर तुम्ही खडूने 'पिति' लिहिता आणि त्याच्या आधी एक तारा काढता. तारा कशाला, मी विचारते. "हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही म्हणून. स्लाव लोक, म्हणजे या रशियन-पोलिशांचे पूर्वज, लिहायला लागायच्या आधीची ही बोली. लेकी-नातींच्या तोंडात काय उरलंय ते बघायचं आणि आईचा चेहरा ताडायचा." रशियन पीत्य, चेक पीत, पोलिश पिच, त्यांची ती बिअर, पिवो, सगळी एकाच घरची. आणखी मागे गेलं की संस्कृतातलं पिबति, आपलं पिणं. मी भराभरा उतरवून घेतेय आणि तुम्ही ओरडता, "अगं, आधी पाणी पी! घशाला कोरड पडलीय आणि लिहितेय कसली!" फुलपात्र माझ्या हातात देता आणि सहज म्हणता, "पिणं एकट्याला जमतं. पाजायला दुसरं माणूस लागतं. त्यांच्याकडेही त्याला वेगळा शब्द आहे, पोयिति, पिण्यातूनच निघालेला."

मी त्या मुलीला सांगितलं, प्यायला मागतायत, दे म्हणतायत. ती लगेच म्हणाली, "मग दे ना त्यांना, लव्ह." पाण्याचा जग तिथेच टेबलावर होता. ठसका लागेल, न्यूमोनिया होईल, मी सगळं समजावलं आणि ओला ब्रश त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो दातांत धरून ठेवला. मला सोडवून घ्यावा लागला. शब्द कळला नसता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. तुम्ही म्हणायचात, मूळ कळलं की माणूस जवळ येतो. आजोबा आले जवळ. पुढे काय करायचं, ते नाही सांगितलंत.

काल कन्सल्टंट बाई म्हणाल्या, आता सुधारणा होणार नाही, मागतील तेवढं चमच्याने देऊ या, ठसका लागला तर लागू दे. मी जवळजवळ धावतच गेले. पाटी काढली, चमचा मुलीच्या हातात दिला, मान कशी धरायची ते दाखवलं. पण आता ते मागतच नव्हते. "पिच, आजोबा, पिच," मी म्हणत राहिले. माझा उच्चार ऐकून तुम्ही कानच धरला असता माझा. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं आणि मुलगी ते बाहीने टिपत राहिली. आज सकाळी पलंग रिकामा होता.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या भाच्याचा फोन आला होता. फार हाल झाले नाहीत, म्हणाला. मी बरं म्हटलं. पुस्तकांचं काय करणार तेसुद्धा विचारलं. शेवटचं पाणी तुम्हाला कुणी पाजलं, हे मात्र विचारलं नाही. हे पत्र कुठे पाठवणार, पण त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. लिहिता लिहिता आत्ता काढलाही होता. कुणीच नाही, असं म्हणाला तर काय करू, बाई? म्हणून लावला नाही.